ओल्या रानात चूल पेटवायची तर कापूस आणि व्हॅसलीन

पावसाळ्यात सह्याद्रीत मुक्कामी जाताना फक्त लायटरच्या भरवशावर राहू नका. त्याचं चाक भिजलं की ठिणगी पडत नाही. सोबत फेरो रॉड, म्हणजे पात्याने खरवडलं की ठिणग्या पाडणारी धातूची कांडी, ठेवा. तो भिजला तरी पुसून लगेच वापरता येतो, आणि त्याची ठिणगी साधारण 3000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. नव्या रॉडवर काळा थर असतो, तो आधी घरीच खरवडून काढा.

ठिणगी झेलायला व्हॅसलीन चोळलेला कापूस उत्तम. कापूस खरा हवा, सिंथेटिक नको. घरून बोळे करून घट्ट झाकणाच्या डबीत भरा. पेटवताना बोळा तसाच ठेवू नका. मधून फाडून आतले कोरडे तंतू पिंजून वर काढा, ठिणगी तेच धरतात. मग रॉडचं टोक बोळ्याजवळ टेकवा, पातं जागच्या जागी घट्ट धरा आणि रॉड मागे ओढा. पातं पुढे रेटलं की हमखास बोळा उडतो. बोळा काही मिनिटं जळतो, तेवढ्यात काडीएवढ्या काटक्या पेटायला हव्यात, म्हणून त्या आधीच हाताशी ठेवा. जमिनीवर पडलेल्या उचलू नका. उभ्या वाळलेल्या कारवीच्या काठ्या घ्या, किंवा जाड लाकूड चिरून आतला कोरडा गाभा काढा.

कापूरही चालतो, पण उघडा राहिला तर उडून जातो.

अभयारण्यात आणि उन्हाळ्यातल्या वाळक्या गवतात मात्र चूल मांडूच नका. निघताना निखाऱ्यांवर पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. राख हाताला गार लागली तरच जागा सोडा.