थंडीत इलेक्ट्रिक गाडी चालवताय? या चुका टाळा, मी सगळ्या करून बसलेय

माझी गाडी जुनी आहे, २४ किलोवॅट-अवरची बॅटरी, त्यातली आता जेमतेम १७ वापरता येते. उन्हाळ्यात फुल चार्जला १२० किलोमीटर बिनधास्त जाते. पहिल्या थंडीत एका सकाळी डिस्प्लेवर ११२ दिसत होते, काम जाऊन-येऊन ६४ किलोमीटरचं, म्हटलं पुरून उरेल. परत येताना शेवटचे ९ किलोमीटर मी हीटर बंद करून, कानटोपी घालून, दर सिग्नलला त्या आकड्याकडे बघत काढले आणि घराजवळ आले तेव्हा आकडा गायब होऊन तिथे नुसत्या तीन रेघा उरल्या होत्या.

घरी आल्यावर कागद-पेन घेऊन बसले. गाडी पळवायला ११ युनिट लागली होती, उन्हाळ्यापेक्षा थोडी जास्त, ते ठीक. पण दोन्ही बाजूंना ट्रॅफिक मिळून रस्त्यावर होते २ तास २० मिनिटं, आणि तेवढा वेळ हीटर साधारण अडीच किलोवॅट ओढत होता, म्हणजे जवळजवळ ६ युनिट तिकडे गेली. झाली की बॅटरी रिकामी!

तर सगळ्यात मोठी चूक हीच, हीटरचा खर्च किलोमीटरमध्ये मोजायचा. हीटर तासावर खातो, तुम्ही किती अंतर कापलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ८० च्या स्पीडने १०० किलोमीटर गेलात तर तोच हीटर ३ युनिट खाईल, आणि २० च्या स्पीडने रांगत तेवढंच अंतर गेलात तर साडेबारा, म्हणजे उन्हाळ्यात माझी गाडी १०० किलोमीटर पळायला जेवढं घेते त्याच्या जवळपास. पेट्रोल गाडीत हे कधी जाणवत नाही कारण इंजिनची फुकट जाणारी उष्णताच आत वळवलेली असते, इथे मात्र प्रत्येक ऊब बॅटरीतून विकत घ्यायची. ट्रिपल-ए नावाची अमेरिकन वाहनचालकांची संस्था आहे, त्यांनी २०१९ मध्ये पाच इलेक्ट्रिक गाड्या उणे ७ च्या आसपास तपासल्या होत्या, हीटर बंद असताना रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाणारं अंतर, सरासरी १२ टक्के पडली आणि चालू असताना ४१. हीट पंपवाल्या, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढून घेणाऱ्या गाडीत खर्च कमी येतो, पण फार कडाक्याच्या थंडीत त्याचाही फायदा आटतो.

मग लोक दुसऱ्या टोकाला जातात आणि हीटर पूर्ण बंद करतात. मीही केलं. पाच मिनिटांत काचेवर आतून वाफ धरली, एका हाताने फडका मारत गाडी चालवतेय, असला मूर्खपणा करू नका. काच साफ ठेवायला हवा लागतेच, ती द्या, आणि आतलीच हवा फिरवायचं बटण चालू राहिलं असेल तर ते बंद करा, श्वासाचा सगळा ओलावा तिथेच साचतो. अंगाला ऊब हवी तर सीट हीटर लावा. तो ५०-१०० वॅट घेतो, केबिन हीटरपुढे किस झाड की पत्ती. आणि निघायच्या आधी चार्जर लावलेला असतानाच गाडी आतून गरम करून घ्या, त्याची वीज भिंतीतून येते, बॅटरीला हात लागत नाही. शक्य असेल तर चार्जिंगचा टायमर असा लावा की ते निघायच्या जरा आधी संपेल, तेवढी बॅटरीही कोमट मिळते.

डिस्प्लेवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका, तो आकडा तुमच्या मागच्या ड्रायव्हिंगवरून काढलेला अंदाज असतो, आजच्या थंडीचं त्याला अजून काही माहीत नसतं. टक्के बघा. मी थंडीत १ टक्क्याला ६०० मीटर धरते, तुमच्या गाडीचा असा आकडा दोन-तीन फेऱ्यांत तुम्हाला कळेल. रात्री ८० टक्के होते आणि सकाळी ७७ दिसले म्हणून बॅटरी गेली असंही समजू नका, थंड बॅटरीतली काही वीज तात्पुरती काढता येत नाही आणि गरम झाली की त्यातली बरीच परत दिसते.

फास्ट चार्जिंगचं दुखणं वेगळं. रात्रभर गारठलेली गाडी सकाळी तशीच फास्ट चार्जरला नेऊन लावली तर चार्जिंग मुंगीच्या गतीने होतं आणि लोक चार्जरला शिव्या घालतात. बिचाऱ्या चार्जरचा दोष नसतो, गाडीच करंट कमी घेते, कारण थंड बॅटरीत जोरात करंट ढकलला तर लिथियम आत शिरायच्या ऐवजी इलेक्ट्रोडवर धातू होऊन साचतं आणि ते नुकसान कायमचं. म्हणून चार्जिंग सकाळी निघताना करण्यापेक्षा आदल्या दिवशी प्रवास संपता संपता उरका, तेव्हा बॅटरी चालून गरम असते. नव्या गाड्यांत नेव्हिगेशनला चार्जरचा पत्ता टाकला की गाडी वाटेतच बॅटरी गरम करायला घेते, ते फीचर असेल तर वापरा.

याच कारणाने थंडीत रीजनही, म्हणजे वेग कमी होताना मोटरने वीज बनवून बॅटरीत परत भरणंही, कमी होतं. पेडल सोडलं की गाडी आपोआप हळू होते या सवयीने मी एकदा उतारावर पाय उचलला आणि गाडी आपली सरळ चाललीच! पहिले काही किलोमीटर पाय ब्रेकजवळ ठेवा, फुल चार्ज असेल तर जास्तच. बर्फ असेल तर उलटी भीती, जोरदार रीजनने चाकं घसरू शकतात, तिथे ते कमीवर ठेवा.

टायरची हवा दर पाच-सहा अंशाला साधारण १ पीएसआय उतरते, सकाळी गाडी हलवायच्या आधी बघा. आणि गाडी चालूच होत नसेल तर मोठ्या बॅटरीला दोष देण्याआधी छोटी १२ व्होल्टची तपासा, थंडीत आधी तीच मान टाकते, मग मोठीत ९० टक्के असले तरी उपयोग नाही.

एवढं करूनही वाटेत टक्के कमी पडायला लागले तर आधी स्पीड बघा. मोकळ्या रस्त्यावर १०० ने जात असाल तर ७०-७५ वर या, हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो आणि थंड हवा मुळात जास्त दाट असते, तिथे हीटर बंद करण्यापेक्षा जास्त वाचतं. अडकलेल्या ट्रॅफिकमध्ये मात्र आधी हीटर कमी करायचा. आणि हे २५ टक्के असताना करा, ५ वर आल्यावर वाचवायला काही उरलेलं नसतं. मी डिकीत एक ब्लँकेट टाकून ठेवलंय, आमच्या घरातले हसतात, पण मागच्या महिन्यात जाममध्ये हीटर कमी केला तेव्हा ते ब्लँकेट ओढायला तिघं भांडत होते.