सरासरी, मध्यक आणि प्रमाण विचलन : या चुका टाळा

संख्याशास्त्राच्या प्राथमिक उदाहरणात उत्तर चुकले की बेरीज किंवा भागाकार चुकला असावा, असे आपण धरून चालतो. बहुतेक वेळा आकडेमोड बरोबर असते. घोटाळा होतो तो कशाला कशाने भागायचे हे ठरवताना. डॉन ब्रॅडमन यांची कसोटी सामन्यांतील ९९.९४ ही सरासरी क्रिकेटप्रेमींना तोंडपाठ असते. त्यांच्या ६,९९६ धावांना ८० डावांनी भागले, तर मात्र ८७.४५ हे उत्तर येते. क्रिकेटमध्ये भाजक म्हणून डावांची नव्हे, तर फलंदाज बाद होण्याची संख्या घेतात, आणि ब्रॅडमन १० डावांत नाबाद राहिल्यामुळे भाजक ७० होतो. भागाकार दोन्हीकडे अचूक आहे. दोन्हीकडचा प्रश्न मात्र वेगळा आहे.

हीच चूक वर्गातही घडते. एका तुकडीतील ६० विद्यार्थ्यांच्या गुणांची सरासरी ५५ आणि दुसऱ्या तुकडीतील २० विद्यार्थ्यांची ७५ असेल, तर दोन्ही तुकड्यांची मिळून सरासरी ६५ नसते. एकूण गुण ३,३०० अधिक १,५०० म्हणजे ४,८०० आणि विद्यार्थी ८०, म्हणून सरासरी ६० येते. जाताना ताशी ६० किलोमीटर आणि येताना ताशी ४० किलोमीटर वेगाने तेच अंतर कापणाऱ्या गाडीचा सरासरी वेगही ५० नसून ४८ असतो, कारण कमी वेगाच्या प्रवासात गाडी जास्त वेळ असते. १२० किलोमीटरचे अंतर धरून पडताळा घेतल्यास जाण्याचे २ आणि येण्याचे ३ तास होतात, आणि २४० ला ५ ने भागले की उलगडा होतो.

एक्सेलमध्ये सरासरी काढणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. सरासरीचे सूत्र रिकामी सेल मोजत नाही, पण शून्य मोजते. ४० जणांच्या वर्गात ४ जण गैरहजर असून उरलेल्यांच्या गुणांची बेरीज २,१६० असेल, तर गैरहजरांसमोरची सेल रिकामी ठेवल्यास सरासरी ६० येते, आणि तिथे शून्य भरल्यास ५४. दोन शिक्षकांची एकाच वर्गाची सरासरी जुळत नसेल, तर आधी गैरहजरांसमोर काय भरले आहे ते पाहावे.

आता मध्यकाकडे वळू. पाठ्यपुस्तकात सरासरीला ‘मध्य’ आणि क्रमाने मधोमध येणाऱ्या मूल्याला ‘मध्यक’ म्हणतात. एका ‘क’ वर टांगलेला हा फरक घाईत वाचताना निसटतो, म्हणून प्रश्नातील शब्दाखाली रेघ मारण्याची सवय लावावी. एका दुकानातील पाच जणांचे मासिक उत्पन्न हजार रुपयांत ११६, १८, २४, २०, २२ असे आहे असे समजू. येथे मध्य ४० हजार येतो, आणि पाचांपैकी चौघे त्याच्या बरेच खाली आहेत. ११६ हजारांचा धनी मालक आहे, हे वेगळे सांगायला नको. मध्यक काढताना आकडे जसे दिले तसे ठेवून मधला २४ उचलणे ही नेहमीची चूक आहे. चढत्या क्रमाने मांडल्यावर तिसरे मूल्य २२ येते, तोच मध्यक. (एकूण संख्या + १) ÷ २ या सूत्रातून मिळणारा ३ हा केवळ क्रमांक आहे, उत्तर नव्हे. संख्या सम असेल तर मधल्या दोन मूल्यांची सरासरी घ्यावी.

वर्गीकृत सारणीत, म्हणजे मूल्ये गटांत (वर्गांत) मांडलेली असताना, मध्यकवर्गाच्या (ज्या वर्गात मध्यक येतो त्याच्या) आधीच्या वर्गाची संचित वारंवारता, म्हणजे तोपर्यंतच्या सर्व वर्गांतील मूल्यांची एकूण संख्या, घ्यायची असते. पुष्कळ जण मध्यकवर्गाचीच घेतात. शिवाय वर्ग १०–१९, २०–२९ असे असतील, तर ते आधी ९.५–१९.५, १९.५–२९.५ असे सलग करून घ्यावेत.

मध्यक हा सर्व दुखण्यांवर उपाय आहे, असाही समज नको. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, तर कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. या दोन नोंदींचा मध्य ५०८.५ आणि मध्यकही ५०८.५ येतो, आणि तेवढा पाऊस या दोन्हींपैकी एकाही केंद्रावर पडलेला नव्हता. अशा वेळी दोन्ही नोंदी जशाच्या तशा देणेच योग्य.

सर्वाधिक गोंधळ प्रमाण विचलनात, म्हणजे मूल्ये मध्याभोवती किती पसरली आहेत हे सांगणाऱ्या मापात होतो. मध्यापासूनच्या विचलनांची (प्रत्येक मूल्यातून मध्य वजा केल्यावर उरणाऱ्या फरकांची) बेरीज नेहमी शून्य येते, म्हणून त्यांचे वर्ग करावे लागतात. आकडे वेगवेगळे असूनही उत्तर शून्य आले, तर वर्ग करायचे राहिले आहेत असे समजावे. वरील दुकानात विचलने ७६, −२२, −१६, −२० आणि −१८ असून त्यांच्या वर्गांची बेरीज ७,२४० होते. तिला ५ ने भागून १,४४८ मिळतात, पण हे विचरण आहे, आणि त्याचे एकक हजार रुपयांचा वर्ग असे विचित्र आहे. वर्गमूळ घेतल्यावरच ३८.०५ हजार रुपये हे प्रमाण विचलन हाती येते.

मित्राचे उत्तर ४२.५४ आले असेल, तर त्याने ५ ऐवजी ४ ने भागले आहे. पाचही जणांची पूर्ण माहिती हाती असून वर्णन फक्त त्यांचेच करायचे असेल, तर ५ ने भागावे. हे पाच जण मोठ्या समूहातून निवडलेला नमुना असतील आणि त्यांवरून त्या समूहाचा अंदाज बांधायचा असेल, तर ४ ने. एक्सेलमधील ‘एसटीडीईव्ही.पी’ पहिल्या आणि ‘एसटीडीईव्ही.एस’ दुसऱ्या पद्धतीने चालते. नावे इतकी सारखी ठेवण्याचे कारण काय, हे ठेवणाऱ्यालाच ठाऊक.

सुमारे ६८ टक्के मूल्ये मध्याच्या दोन्ही बाजूंना एका प्रमाण विचलनाच्या आत असतात, हा नियमही सरसकट लावला जातो. तो घंटेच्या आकाराच्या, म्हणजे मधोमध उंच आणि दोन्ही बाजूंना सारख्या उतरत जाणाऱ्या वितरणासाठी आहे. आपल्या दुकानात मध्यातून दोन प्रमाण विचलने वजा केली, तर उत्पन्न उणे ३६ हजारांवर जाते. ऋण असूच न शकणाऱ्या राशीत असे उत्तर दिसले की वितरण एका बाजूला कललेले आहे हे ओळखावे, आणि वर्णनासाठी मध्यकाचा आधार घ्यावा.

पडताळ्यासाठी दोन खुणा पुरतात. एकूण संख्येने भागून काढलेले प्रमाण विचलन कमाल व किमान मूल्यांतील फरकाच्या निम्म्याहून अधिक होत नाही. येथे तो फरक ९८ आहे, त्यामुळे ४९ च्या वरचे उत्तर आले तर वही पुन्हा उघडावी. तसेच सर्वांचे उत्पन्न ५ हजारांनी वाढवले, तर मध्य ४५ आणि मध्यक २७ हजार होतो, पण प्रमाण विचलन ३८.०५ वरच राहते; तेच सर्वांचे उत्पन्न दुप्पट केले, तर तेही दुप्पट होऊन ७६.१ वर जाते.