संकटात प्रार्थना सुचत नसेल तेव्हा

माझ्या यजमानांच्या किडन्या निकामी झाल्या आणि आमच्या घरचा आठवडा डायलिसिसच्या वारांवर चालू लागला. मी अहिल्यानगरच्या ख्रिस्ती घरात वाढलेली, आयुष्यभर नर्सची नोकरी केलेली. बायबल, उपासना, गीतं सगळं लहानपणापासूनचं. तरी त्या दिवसांत डोळे मिटले की एक शब्द येत नसे. यजमानांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मंडळीत कुणाकडे मोठं दुखणं आलं, कुणाचं मूल गेलं, कुणाची नोकरी गेली की महिला मंडळाच्या बायका मला सोबत घेऊन जातात. तिथे प्रश्न बहुतेक एकच असतो, "मावशी, प्रार्थनाच होत नाही, काय करू?" त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी जेवा आणि झोपा. हे मी नर्स म्हणून सांगते, पण आधार बायबलचाच आहे. १ राजे, अध्याय १९ काढा. एलीया संदेष्टा जीव वाचवायला रानात पळाला आहे. एका झुडपाखाली बसून तो देवाला म्हणतो, आता पुरे झालं, माझा जीव घे. देवाचा दूत येतो, पण उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी पुढे ठेवतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत त्याला दुसऱ्यांदा उठवून परत खायला लावतो. देव त्याच्याशी बोलतो ते पुढे, होरेब डोंगरावर. वॉर्डाबाहेरच्या बाकावर रात्र काढलेल्या माणसाला सकाळी देव जवळ वाटला नाही, तर त्याचा विश्वास गेला असं समजू नये. त्याला झोप हवी आहे. एलीयासारखे मरणाचे विचार येत असतील तर मात्र एकटे राहू नका. घरातल्या कुणाला तरी सांगा, डॉक्टरांना सांगा, किंवा मानसिक आधारासाठीच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या सरकारी नंबरवर फोन करा. तो रात्रंदिवस चालू असतो आणि मोफत आहे. फोन करण्यात विश्वासाला कमीपणा येत नाही.

मग तक्रार करा. देवाजवळ, मोठ्याने. देवाशी भांडू नये असं आपल्याकडे मुलांना शिकवतात, मला ते कधीच पटलं नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतली १५० स्तोत्रं वाचून बघा, त्यांत रडगाऱ्हाणी किती आहेत! १३ व्या स्तोत्रापासून सुरुवात करा. सहाच वचनं आहेत आणि पहिल्या दोनांतच "कोठवर?" हा प्रश्न चार वेळा येतो. ते जमलं की ४२ वं घ्या. अगदीच अंधार असेल तर ८८ वं. त्याच्या शेवटी दिलासा नाहीच, ते अंधारातच संपतं, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. मनातल्या मनात वाचू नका, ओठ हलू द्या. जिथे "शत्रू" असा शब्द येईल तिथे तुमच्या घरातला शत्रू आणा, मग तो तपासणीचा रिपोर्ट असो, बँकेची नोटीस असो, दारू असो. स्वतःचे शब्द नसतात तेव्हा ही स्तोत्रं उसनी घ्यायची. वधस्तंभावर येशूनेही २२ व्या स्तोत्राचेच शब्द घेतले होते. आणि आपल्या मातीत ही वाट नवी नाही. दुष्काळात बायको आणि मूल गमावलेल्या तुकारामांनी विठोबाला काय कमी सुनावलं? ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो.

वाचायला सुरुवात उत्पत्तीपासून करू नका. संकटात माणूस वंशावळ्यांमध्येच अडकून पडतो. मार्ककृत शुभवर्तमान घ्या, चारांत सर्वांत छोटं, १६ अध्यायांचं. रोज एक गोष्ट पुरे. वाचताना एकच बघा, घाबरलेल्या किंवा आजारी माणसाशी येशू कसा वागतो. चौथ्या अध्यायात वादळ आहे, पाचव्यात याईराची मुलगी आहे. नवव्या अध्यायात एका आजारी मुलाचा बाप आहे, तो येशूला म्हणतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत करा. एका दमात दोन्ही. येशू त्याला परत पाठवत नाही, पोराला बरं करतो. ज्या दिवशी काहीच सुचत नाही त्या दिवशी त्या बापाचं हे एक वाक्य म्हणा आणि कामाला लागा.

चौदाव्या अध्यायात गेथशेमाने बाग येते. येशूच्या तिथल्या प्रार्थनेचे दोन भाग आहेत. आधी तो म्हणतो, हा प्याला माझ्यापासून दूर कर. मग म्हणतो, तरी माझ्या नाही, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आपली माणसं थेट दुसऱ्या भागावर उडी मारतात आणि पहिला आत दाबून ठेवतात. पहिला भाग म्हणा, आणि नेमका म्हणा. "आशीर्वाद दे" एवढ्याने भागत नाही. मी म्हणायचे, आज मशीनवर यांचं बीपी पडू देऊ नकोस. दुसरा भाग ओठांवर यायला काही वेळा महिने लागतात. लागू द्यावेत.

आता आशेबद्दल. सगळं नीट होणारच, असा हट्ट म्हणजे ख्रिस्ती आशा नव्हे. दानीएलच्या तिसऱ्या अध्यायात भट्टीपुढे उभे असलेले तिघे राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरीही आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. त्या "नाही सोडवलं तरी"वर माझा सगळा भार आहे. आम्ही बरं होण्यासाठी प्रार्थना केली, मनापासून केली, आणि यजमान गेले. येशू मेलेल्यांतून उठला म्हणून मरणाचा शब्द शेवटचा नाही, हे मी त्यांच्या कबरेजवळ उभी राहून मानते. पण त्यामुळे रडू थांबत नाही, थांबावं असंही नाही. मेलेल्या लाजराला, आपल्या मित्राला, आपण उठवणार हे ठाऊक असताना त्याच्या कबरेकडे जाताना येशू रडला.

म्हणूनच कुणी "विश्वास कमी पडतोय, औषधं बंद करा" म्हणालं तर त्या माणसाला नमस्कार करून दार लावा. प्रार्थनेसाठी पैशांचा आकडा सांगणाऱ्यालाही तेच. प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता. गोळी वेळेवर घ्या आणि घेताना प्रार्थना करा.

हे सगळं एकट्याने करायचं नाही. मार्कच्या दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघात झालेल्या माणसाला खाटेसकट उचलून आणतात, छप्पर उकलून खाली सोडतात, आणि येशूने "त्यांचा विश्वास" पाहिला असं तिथे लिहिलं आहे. तुमचा विश्वास आडवा पडला असेल तर उचलणारे चौघे शोधा. त्यांना कामं वाटून द्या. एकाने डबा आणायचा, एकाने रात्री दवाखान्यात थांबायचं, एकाने मुलांचा अभ्यास बघायचा, एकाने रोज तुमचं नाव घेऊन प्रार्थना करायची. पाळकसाहेबांना आपोआप कळेल या भरवशावर राहू नका, फोन करा. चर्चपर्यंत जाणं होत नसेल तर प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, घरी द्याल का, असं विचारा. घरी प्रार्थनासभा ठेवलीत तर ती अर्ध्या तासात आटपायची आणि चहा-नाश्ता नाही, हे आधीच सांगून टाका. आजारी माणूस दमतो, बाई स्वयंपाकघरात अडकते. एखादं गीत मात्र म्हणाच. आपला गळा दाटला की बाकीचे ओळ पुरी करतात.

तुमच्याकडे भेटायला येणाऱ्यांनी बायबलमधल्या ईयोबाचे, मुलंबाळं आणि तब्येत सगळं गमावलेल्या माणसाचे, मित्र आठवावेत. सात दिवस ते जमिनीवर त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर ठीक होतं. "तुझंच काही पाप असेल" हे सुरू झालं आणि शेवटी देवाचा कोप त्यांच्यावरच झाला.

थोडं बळ आलं की दुसऱ्या कुणाचं तरी काहीतरी करा. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, १८८२ साली पती गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या, दौंडजवळच्या केडगावातलं मुक्ती मिशन या मुलींनी भरलं. १९२१ साली एकुलती लेक मनोरमा गेली, तेव्हा मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल आणण्याचं त्यांचं काम चालू होतं. ते त्यांनी पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. आपल्याला एवढं झेपणार नाही. डायलिसिसच्या खोलीबाहेर शेजारी बसलेल्या बाईला तिच्या माणसाचं नाव विचारता येतं, आणि रात्री प्रार्थनेत आपल्या माणसाच्या नावानंतर ते नाव घेता येतं. पुढच्या वारी ती भेटली की "आज कसे आहेत?" असं नाव घेऊन विचारा.