तालमीत संगणक : पैलवानाच्या सरावाची नोंद कशी ठेवावी

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील तालमींत वस्ताद पोराची तयारी नजरेनेच ओळखतात, आणि ती नजर बहुधा चुकत नाही. परंतु याच पोराने जानेवारीत किती मेहनत केली होती, त्याचे वजन किती होते आणि त्याचा पट (प्रतिस्पर्ध्याचा पाय धरून पाडण्याचा डाव) कोणत्या बाजूने बसत होता, असे जुलैत विचारले तर नेमके उत्तर सहसा कोणापाशी नसते. ही आठवण सांभाळणे हे संगणकाचे काम आहे, आणि त्यासाठी चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, मोफत मिळणारे लिब्रेऑफिस कॅल्क आणि बऱ्या कॅमेऱ्याचा एक मोबाइल पुरतो.

प्रत्येक पैलवानासाठी कॅल्कमध्ये एक पान करावे आणि त्यात तारीख, सरावाची मिनिटे, मेहनतीचा अंक, सकाळचे वजन, झोपेचे तास आणि दुखणे एवढेच रकाने ठेवावेत. सुरुवातीला उत्साहाच्या भरात वीस रकाने आखले जातात आणि पंधरवड्यात वही बंद पडते, म्हणून या सहांवरच थांबावे. आकडे इंग्रजी अंकांत टाइप करावेत, कारण देवनागरी अंक पुष्कळदा मजकूर म्हणून धरले जातात आणि त्यांची बेरीज येत नाही. तारखेची मांडणीही पहिल्याच दिवशी दिवस-महिना-वर्ष अशी ठरवून घ्यावी. अन्यथा 3 एप्रिलची नोंद 4 मार्चवर जाऊन बसते आणि पुढचे सगळे आलेख बिघडतात.

मेहनतीच्या अंकाला सर्वांत अधिक महत्त्व आहे. तालमीत मेहनत जोर-बैठकांच्या संख्येत सांगण्याची रीत आहे, पण पाचशे बैठका आणि अर्ध्या तासाची खडाखडीची लढत यांची तुलना त्या संख्येने होत नाही. अमेरिकन व्यायामशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केलेली पद्धत यासाठी सोयीची आहे. सराव संपून साधारण अर्धा तास झाल्यावर पैलवानाला आजचा सराव किती जड गेला, हे 0 ते 10 या मापात विचारावे आणि त्या अंकाला मिनिटांनी गुणावे. 90 मिनिटांच्या लढतीच्या सरावाला त्याने 7 दिले, तर भार 630 होतो. संध्याकाळी 40 मिनिटे धावून 4 सांगितले, तर आणखी 160 आणि दिवसाचा एकूण भार 790. अंक विचारताना आजूबाजूला इतर पोरे नसावीत, नाहीतर कोणताही तरणा पैलवान चारचौघांत ‘सोपे गेले’ असेच म्हणणार. विश्रांतीच्या दिवशी रकाना कोरा न ठेवता 0 लिहावे, कारण कोऱ्या रकान्यावरून सुट्टी होती की नोंद राहिली, हे पुढे समजत नाही.

आठवड्याची बेरीज काढून ती मागील चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडून पाहावी. भार एकाएकी दीडपट झाला की दुखापतीचा धोका वाढतो, असे पुष्कळदा सांगितले जाते. या गुणोत्तराबद्दल शास्त्रज्ञांतच वाद असल्याने त्या आकड्याला लक्ष्मणरेषा मानू नये, पण अशी उडी दिसली तर चौकशी जरूर करावी. आपल्याकडे ही उडी ठरलेल्या वेळीच दिसते : परीक्षा संपल्यावर, ऊसतोडीच्या घाईतून मोकळे झाल्यावर, किंवा ताप उतरताच पोरगा पुन्हा आखाड्यात उतरल्यावर.

वजन सकाळी शौचानंतर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर आणि सारख्याच कपड्यांत घ्यावे. पाण्यामुळे ते दिवसागणिक सहज अर्धा-एक किलो वरखाली होते, म्हणून सात दिवसांच्या सरासरीची रेघ काढून तीच पाहावी. पॅरिसच्या 2024 च्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीच्या दिवशी सकाळी 50 किलो गटात शंभर ग्रॅमने जास्त भरल्या आणि बाद ठरल्या. वजनगटाचा खेळ किती निर्दय असतो, हे त्यावरून दिसते. बेळगाव तालुक्यातील तुरमुरीच्या मलप्रभा जाधव यांनी 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या मध्य आशियाई कुस्तीप्रकारात कांस्यपदक मिळवले, तोही 52 किलोचा गट होता. तथापि वाढत्या वयाच्या मुलामुलींचे वजन गटासाठी उतरवू नये. त्यांच्या पानावर दर तीन महिन्यांनी उंची लिहावी, आणि ती झपाट्याने वाढत असताना गुडघा किंवा टाच दुखू लागली तर उड्या व जड बैठका कमी करून डॉक्टरांना दाखवावे.

डाव तपासण्यासाठी किनोव्हिया हा विंडोजवर चालणारा मोफत प्रोग्राम उत्तम आहे. त्यात चित्रफीत एकेक चित्राने पुढे नेता येते, कोन मोजता येतो आणि दोन फिती शेजारी-शेजारी लावता येतात. एकेरी पट एका सेकंदाच्या आतच लागतो. सेकंदाला 30 चित्रांच्या चित्रणात दोन चित्रांमध्ये 33 मिलिसेकंदांचे अंतर राहते आणि हाताची नेमकी पकड निसटून जाते, म्हणून 60 किंवा 120 चित्रांवर चित्रण करावे. मोबाइल स्टँडवर पक्का बसवावा, तो पैलवानाच्या कमरेच्या उंचीवर असावा आणि हालचाल त्याच्या समोरून आडवी जावी. जुन्या तालमींत उजेड कमी असल्याने चित्र पुसट येते; दाराजवळची सकाळची वेळ साधावी किंवा त्या दिवशी बाहेर गादी अंथरावी. चित्रफितीत एका वेळी एकच गोष्ट पाहावी : पटाला जाताना डोके वर आहे की खाली, किंवा मागचा पाय किती उशिरा येतो. सगळेच एकदम दाखवले तर पोरगा गोंधळतो आणि दुसऱ्या दिवशी साधा पटही विसरतो.

लढतींसाठी वेगळे पान ठेवून त्यात पहिलाच रकाना माती की गादी असा करावा. गादीवर वरिष्ठांची लढत मध्ये 30 सेकंदांची विश्रांती घेऊन तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत गुणांवर होते, तर जत्रेच्या मैदानातील निकाली कुस्ती चीतपटीवर सुटते. दोन्हींची सरमिसळ केली तर सरासरीला अर्थ उरत नाही. पुढे प्रत्येक गुणाची एक ओळ लिहावी : कितवे मिनिट, गुण कोणाचा, कोणता डाव, कोणती बाजू. दहा-बारा लढती झाल्या की पिव्हट टेबल, म्हणजे नोंदींची गटवार बेरीज मांडणारा कॅल्कमधला तक्ता, काढावे. गुण बहुतेक पाचव्या मिनिटानंतरच जात असतील, तर कमतरता दमाची आहे. डाव्या बाजूच्या पटावरच जात असतील, तर बचावाची.

वर्षाच्या पानावर जत्रांची मैदाने आणि राज्यस्तरीय स्पर्धा वेगवेगळ्या रंगांत भराव्यात. सीमाभागातील पैलवान राज्यासाठी कर्नाटकाकडून खेळतो आणि इनामासाठी कोल्हापूर-सांगलीकडच्या मैदानांतही उतरतो, त्यामुळे निवड चाचणीच्या आदल्या आठवड्यात कोणते मैदान सोडायचे, हे घरच्यांशी हे पान समोर ठेवून बोलता येते.

फाइल आठवड्याला पेन ड्राइव्हवर उतरवून तो दुसऱ्या घरी ठेवावा. पावसाळ्यात खानापूरकडे वीज जाणे नित्याचे आहे, म्हणून आपोआप जतन होण्याची मुदत पाच मिनिटांवर आणावी. अल्पवयीनांच्या चित्रणासाठी पालकांची लेखी संमती घ्यावी, मुलींच्या पाळीच्या आणि वजनाच्या नोंदी पासवर्डमागे ठेवाव्यात आणि यातील काहीही तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नये. पैलवान क्रीडा वसतिगृहात गेला तर त्याच्या पानाची प्रत त्याच्या हाती द्यावी, आणि तेथील प्रशिक्षकांना वाचता यावे म्हणून रकान्यांची नावे मराठीसोबत कन्नडमध्येही लिहावीत.