महागडा टर्बो टाकायचा का? आधी जुना हातात घेऊन बघा

माझी जुनी डिझेल हॅचबॅक खंबाटकी घाटात सेकंडवर पण रडायला लागली, तेव्हा गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगून टाकलं की टर्बो गेला, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. बरं, टाका नवीन. लोकल माल बसवला, चार महिन्यांत तोही शिट्टी मारायला लागला आणि एक दिवस गप्प झाला. मग दुसऱ्या मिस्त्रीने टर्बोला ऑइल देणारा बारीक पाइप उभा कापून दाखवला, आत नुसता कोळसा साचलेला, टाचणी जेमतेम जाईल एवढंच भोक शिल्लक. तिथे लाखाचा इम्पोर्टेड टर्बो असता तरी त्याचं पण हेच झालं असतं.

आता "भारीतला टर्बो टाकू का" हे लोक दोन वेळेला विचारतात, एक तर जुना गेल्यावर आणि दुसरं म्हणजे गाडी चांगली चालत असताना हात शिवशिवायला लागल्यावर.

जुना गेलाय असं वाटत असेल तर खरंच गेलाय का ते आधी बघा, कारण पिकअप नाही आणि मागून काळा धूर म्हणजे टर्बोच असं काही नसतं. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा गार करणारी जाळी) होज फाटलेला असतो, क्लिप ढिली असते, टर्बोचा दाब कमी-जास्त करणाऱ्या ॲक्च्युएटरची व्हॅक्यूम नळी उंदराने कुरतडलेली असते (पार्किंगमध्ये भाजीवाला बसत असेल तर हमखास). व्हीजीटी टर्बो (आत हलणाऱ्या पात्या असलेला) असेल तर त्या पात्या काजळीने अडकतात आणि नुसत्या साफ केल्या तरी बऱ्याचदा गाडी पळायला लागते. हे सगळं बघून झालं की इंजिन पूर्ण गार असताना हवेच्या बाजूचा होज काढायचा आणि पंख्याच्या मधला नट दोन बोटांत धरून हलवायचा. आडवा किंचित हलला तर घाबरू नका, शाफ्ट चालताना ऑइलच्या थरावर तरंगतो आणि बंद असताना तो थर नसतो, म्हणून तेवढा प्ले असतोच. पण पुढे-मागे हललेलं हाताला जाणवलं किंवा पंख्याच्या कडा घासून भिंतीवर चकचकीत रेघ उमटलेली दिसली तर गेला, त्यात वाद नाही. आणि "टर्बो ऑइल मारतोय" म्हणून लगेच बदलू नका हां, टर्बोत रबरी सील नसतं, पिस्टनसारख्या रिंगा असतात, त्यामुळे ऑइल परत जायचा पाइप किंवा इंजिनचा ब्रीदर (आतला वायू बाहेर सोडणारी नळी) तुंबला तर धडधाकट टर्बो पण ऑइल ओकतो.

गेलाच असेल आणि गाडी रोजच्या ऑफिसची असेल तर प्रीमियमच्या नादी लागू नका असं माझं स्पष्ट मत. कंपनीचा ओरिजिनल घ्या, नाहीतर चांगल्या टर्बोवाल्याकडून कोअर बदलून घ्या, म्हणजे बाहेरची दोन्ही कवचं तुमचीच आणि मधला शाफ्ट, बेअरिंग, पंखे नवे. फक्त बॅलन्सिंगचा ग्राफ मागायचा. छोट्या गाडीचा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो, तिथे पंख्यात नखभर वजन इकडेतिकडे झालं तरी खेळ खलास, त्यामुळे "बॅलन्स करूनच येतो साहेब" एवढ्यावर पैसे देऊन निघू नका. व्हीजीटी असेल तर पात्यांचं फ्लो सेटिंग मशीनवर केलंय का तेही विचारा. आणि नाव बघून पण फसू नका, गॅरेट किंवा बोर्गवॉर्नर ही नावं कार कंपन्यांनाच टर्बो पुरवणाऱ्यांची आहेत, गॅरेटचा कारखाना तर पुण्यातच आहे, त्यामुळे डब्यावर ते नाव दिसलं म्हणजे अपग्रेड झालं असं नाही, तो तुमच्या गाडीतलाच स्टॉक पार्ट असू शकतो.

मग प्रीमियममध्ये जास्तीचे पैसे जातात कुठे? शाफ्टला बॉल बेअरिंग, अख्ख्या ठोकळ्यातून कोरलेला हवेचा पंखा आणि एक्झॉस्टच्या बाजूला जास्त उष्णता झेलणारा धातू. यातला शेवटचा मुद्दा लोक बघतच नाहीत. पेट्रोलचा एक्झॉस्ट फुल लोडवर ९५० ते १०५० डिग्रीपर्यंत जातो, डिझेलचा साधारण ८०० च्या आसपास राहतो, म्हणजे डिझेलवाला त्या धातूचे पैसे देतो आणि वापरत काहीच नाही. बॉल बेअरिंगचा फायदा मात्र खरा आहे, बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) लवकर येतो, पण त्याला ऑइल मोजून द्यावं लागतं, लाइनमध्ये ऑइल कमी सोडणारा रिस्ट्रिक्टर लागतो, आणि खराब झाला तर साध्या टर्बोसारखा किट टाकून कोपऱ्यावर रिपेअर होत नाही.

आता हात शिवशिवणारे. माझ्या मित्राकडे स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल) ऑटोमॅटिक आहे, १८० पीएस आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर. त्याला मोठा टर्बो हवा होता. मी विचारलं गिअरबॉक्स कुठला, तर डीक्यू२००, ड्राय क्लचवाला (क्लच ऑइलमध्ये बुडालेला नसतो), आणि त्याची कंपनीने ठरवलेली मर्यादाच २५० न्यूटन मीटर. म्हणजे गाडी शोरूममधून निघाली तेव्हाच गिअरबॉक्स काठोकाठ भरलेला. त्याच गाडीच्या २०१७ च्या आरएस या जास्त ताकदीच्या मॉडेलमध्ये ३५० न्यूटन मीटर होता, तर तिथे कंपनीने वेट क्लचवाला सहा गिअरचा बॉक्स दिला. मित्राला कागदावर हिशोब करून दाखवला, समजा टर्बो दीड लाखाचा, वर ट्यूनिंग, डाउनपाइप (टर्बोनंतरचा एक्झॉस्ट पाइप), मोठा इंटरकूलर, फिटिंग, हे धरून तीन लाख सहज, आणि क्लच कधी हात वर करेल ते त्यात धरलेलंच नाही. तो आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही. शेवटी काही न बदलता टायर चांगले टाकले, आता घाटात खुश आहे.

साइज ठरवताना ढोबळ हिशोब असा की पेट्रोलमध्ये मिनिटाला एक पौंड हवा म्हणजे साधारण १० हॉर्सपॉवर. २५० हवेत तर २५ पौंडाच्या जवळपासचा बघा, थोडा हात राखून. ४५ पौंडाचा घेतलात तर सिग्नल सुटल्यावर बूस्ट यायची वाट बघत बसाल आणि मागचा रिक्षावाला हॉर्न मारून पुढे जाईल. हे गणित विकणाऱ्यालाच करायला सांगा, कॉम्प्रेसर मॅप (टर्बो कुठल्या दाबाला किती हवा देतो त्याचा नकाशा) काढून तुमचं इंजिन त्यात कुठे बसतं ते दाखवता आलं नाही तर तिथून निघा.

कागदपत्रांचं पण बघून ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि न कळवता बदल केले तर इन्शुरन्सचा क्लेम अडकू शकतो. गाडी वॉरंटीत असेल तर ती घालवायची मनाची तयारी ठेवा.

शेवटी कुठलाही बसवा, लोकल की इम्पोर्टेड, ऑइल फीड पाइप नवाच टाका, धुऊन परत नको. इंटरकूलर काढून आतलं जुनं ऑइल आणि पंख्याचे तुकडे साफ करा, ऑइल आणि फिल्टर बदला आणि सगळी बिलं जपून ठेवा, टर्बोची वॉरंटी मागायला गेलात की पहिल्यांदा तीच विचारतात. स्टार्ट करताना टर्बोच्या ऑइलच्या भोकात थोडं स्वच्छ ऑइल घालून शाफ्ट हाताने फिरवायचा, फ्युएलचा फ्यूज काढून दहा-दहा सेकंद दोन-तीन वेळा नुसता सेल्फ मारायचा, मग फ्यूज लावून चालू करायची आणि पाच मिनिटं आयडलवर सोडायची. मिस्त्री सवयीने ॲक्सिलरेटर मारून "बघा कसा आवाज येतोय" दाखवायला जाईल, त्याचा पाय आधीच थांबवा.