लांबच्या फायरवॉलला हात लावण्याआधी

किनवटच्या जिनिंगमधली फायरवॉल (नेटवर्कमध्ये काय आत-बाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारा डबा) छत्रपती संभाजीनगरात बसून लावायची, तर एक चुकीचा नियम सेव्ह झाला की पुढचं काम थेट एसटी स्टँडवरून सुरू होतं. नियम कोणते लिहायचे ते नंतर बघू. आधी परत आत शिरायची वाट तयार ठेवा.

त्यासाठी तिथला एक लॅपटॉप केबलने फायरवॉलच्या लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टला जोडून घ्या, त्याला इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून द्या आणि त्यावर एनीडेस्क (लांबून संगणक चालवायचं ॲप) चालू ठेवा. इथे बरेच जण फसतात. लॅन कार्डाला आयपी (नेटवर्कमधला पत्ता) हाताने द्यायचा आणि गेटवेची, म्हणजे बाहेर जायच्या वाटेच्या पत्त्याची, जागा रिकामी सोडायची. गेटवे भरला तर विंडोज वायफायपेक्षा केबललाच पसंती देतं, एनीडेस्क त्याच फायरवॉलमधून बाहेर पडतं आणि तिच्याबरोबर तेही बंद होतं. चार्जर लावलेला हवा, स्लीप बंद हवं.

तिथल्या वजनकाट्याच्या ऑपरेटरकडून फायरवॉलचे मागून-पुढून फोटो मागवा, कोणती केबल कुठे आहे ते कागदावर लिहा, खोलीची किल्ली कोणाकडे असते तेही विचारून ठेवा. लाईट कधी जाते हे त्यालाच माहीत असतं. यूपीएस नसेल तर फर्मवेअर (डब्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटच्या वाटेला जाऊ नका. मध्येच वीज गेली तर डबा कायमचा जाऊ शकतो. हंगामात काटा दिवसभर चालतो, तेव्हा काम रात्रीचंच धरा.

आता वॅनचा, म्हणजे फायरवॉलच्या इंटरनेटकडच्या बाजूचा, आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर इंटरनेट कंपनीने एकच पत्ता अनेकांना वाटलाय. बाहेरून आत येता येणार नाही, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं आतल्या यंत्राकडे वळवणं) कितीही केलं तरी. अशा वेळी तिकडूनच तुमच्या स्टॅटिक (न बदलणाऱ्या) आयपीकडे वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरून दोन नेटवर्क जोडणारी खासगी वाट) काढा आणि बोगदा जागा ठेवणारा कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा. आयपी १९२.१६८ ने सुरू होत असेल तर पुढचा मोडेमही राउटरचं काम करतोय, तो ब्रिज मोडला (राउटरचं काम बंद करून) टाकून घ्यावा लागेल. हे काम मात्र लांबून नको.

दोन्हीकडचं लॅन १९२.१६८.१ असेल तर व्हीपीएन जोडलेलं दिसेल, पण तिकडचा प्रिंटर सापडणार नाही, कारण तुमचा संगणक तो आपल्याच खोलीत शोधत बसतो. पत्ते बदलायचे तर तुमच्याकडचे बदला. तिकडे डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि प्रिंटरला हाताने दिलेले पत्ते असतात.

सध्याच्या सेटिंगचा बॅकअप तुमच्या संगणकावर उतरवा, सोबत फर्मवेअरचा क्रमांक लिहून ठेवा. मायक्रोटिक कंपनीच्या डब्यावर नुसती बॅकअप फाइल पुरत नाही. ती त्याच डब्यासाठी असते, म्हणून वाचता येणारा एक्सपोर्टही घ्या.

चूक झाली तर आपोआप मागे फिरायची सोय आहे का, हे मॅन्युअलमध्ये पाहून ठेवा. मायक्रोटिकच्या टर्मिनलवर कंट्रोल-एक्स दाबलं की सेफ मोड लागतो. सेशन तुटलं तर साधारण ९ मिनिटांत बदल मागे जातात. तेवढा वेळ थांबा, घाबरून प्लग काढायला लावू नका. जुनिपर कंपनीच्या डब्यावर ‘कमिट कन्फर्म्ड’ १० मिनिटं वाट पाहतं, तेवढ्यात पुन्हा कमिट केलं नाही तर बदल मागे घेतं. सिस्कोच्या राउटरवर आधी ‘रिलोड इन १०’ द्या (१० मिनिटांनी राउटर रीस्टार्ट होऊन सेव्ह केलेल्या सेटिंगवर येतो), पण खात्री होईपर्यंत सेटिंग सेव्ह करू नका.

बहुतेक फायरवॉलवर नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला जुळतो तोच लागतो. सगळ्यात वर तुमच्या ऑफिसच्या आयपीला प्रवेश, सगळ्यात खाली बाकी सगळं बंद. बाहेर जाणारं आवळणार असाल तर डीएनएसचं (नावावरून पत्ता शोधायचं) ५३ आणि वेळेचं १२३ हे पोर्ट विसरू नका. रिमोट डेस्कटॉपचं (विंडोज लांबून चालवायचं) ३३८९ जगाला उघडं ठेवायचं नाही, मालक कितीही म्हणोत.

तपासणी जुन्या खिडकीतून करू नका. आधी जोडलेलं कनेक्शन नवा नियम लागल्यावरही चालू राहू शकतं आणि सगळं ठीक वाटतं. ती खिडकी तशीच ठेवून दुसरी उघडा, नव्याने लॉगिन करा, मग सेव्ह. ऑपरेटरकडून एक काटा पावती छापून घ्या. डीव्हीआर लॅनमध्ये दिसतोय पण बाहेरून दिसत नाही, असं झालं तर त्याच्या सेटिंगमध्ये जुनाच गेटवे राहिलाय का ते बघा.