वेल्डर ट्रेडचं एक वर्ष कसं वापरायचं

शिरोली एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या एका शॉपमध्ये मी फोरमन आहे. नव्या वेल्डरांची ट्रायल माझ्याकडे असते. आयटीआयचं सर्टिफिकेट सगळेच आणतात. ते मी बघून बाजूला ठेवतो, 10 मिलीमीटर जाडीची, जोडाच्या कडा व्ही आकारात उतरवलेली प्लेट उभी बांधतो आणि सांगतो, "खालून वर ने." इथं निम्मी पोरं गार होतात. म्हणून ॲडमिशन घ्यायच्या आधीच हे वाचा.

ट्रेड एक वर्षाचा आहे, दहावी नापास असलास तरी मिळतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, दहावीच्या निकालाच्या सुमारास. सरकारी आयटीआय आधी टाक, फी कमी असते. खाजगीत जायचं ठरवलंस तर पैसे भरण्याआधी वर्कशॉपमध्ये चक्कर मार आणि भंगाराचा कोपरा बघ. तिथं जळलेल्या वेल्डिंग रॉडची थोटकं ढिगानं पडलेली हवीत. नसतील तर तिथं नुसती हजेरी लागते.

सुरुवातीला हॅकसॉ (लोखंड कापायची करवत) आणि फाइल (कानस) हातात देतात. पोरं वैतागतात. पण जॉबचा गॅप, म्हणजे जोडायच्या दोन तुकड्यांमधली फट, वाकडा राहिला तर वरून वेल्डचा कितीही चांगला रन (थर) मार, उपयोग शून्य.

मग रॉड. 3.15 मिलीमीटर जाडीची, 6013 नंबरची, करंट 100-110 अँपिअरच्या आसपास. आर्कची, म्हणजे रॉडचं टोक आणि जॉब यांच्यातल्या ठिणगीची, लांबी रॉडच्या जाडीएवढीच ठेव. लांब धरलास की फडफड आवाज येतो आणि छर्रे उडतात. बरोबर असेल तर तापल्या तेलात कांदा पडल्यासारखा एकसारखा चरचर आवाज येतो. नजर उजेडावर नको, त्याच्यामागच्या वितळलेल्या तळ्यावर हवी. तळं कुठं सरकतंय ते दिसायला लागलं की हात आपोआप सुधारतो.

सपाट जॉब सगळ्यांना जमतो, आणि पोरं वर्षभर तोच करत बसतात. सरांच्या मागं लागून उभा, म्हणजे 3जी, मागून घे. करंट थोडा उतरव. रूटला, म्हणजे जोडाच्या तळाशी, गॅप 3 मिलीमीटरच्या आसपास ठेव. टोकाशी चावीच्या भोकासारखं छिद्र पडतं, ते तेवढंच राखत वर जायचं. मोठं झालं तर धातू मागं गळतो, बुजलं तर आत शिरत नाही. पुढचे रन विणताना दोन्ही कडांना क्षणभर थांब आणि मधून चटकन जा. उलटं केलंस तर कडेला अंडरकट (खाच) आणि मध्ये पोट. मी पट्टी कापून वाकवतो तेव्हा वरून चकाचक दिसणारा जॉब रूटला फाटतो. प्रत्येक रननंतर स्लॅग (वर जमलेली मळीची पापडी) पुरता काढ, आळस केलास तर तो आत गाडला जातो.

डोळ्यांचं ऐक. हेल्मेटची काळी काच 10 किंवा 11 नंबरची. शेजारच्याचा आर्क नुसता कडेनं लागला तरी रात्री डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं. बटाट्याच्या चकत्या ठेवत बसू नकोस, डॉक्टरकडे जा. कपडे सुती घाल, पँटची घडी दुमडू नकोस. ठिणगी नेमकी तिथंच जाऊन बसते. गॅल्व्हनाइज्ड पाइपवर काम असेल तर जोडाजवळचा जस्ताचा थर आधी घासून काढ आणि हवा खेळती ठेव, नाहीतर धुरानं संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो.

ड्रॉइंगच्या तासाला दांडी मारू नकोस. वेल्डिंगची चिन्हं वाचता आली नाहीत तर आयुष्यभर दुसऱ्यानं खडूनं मारलेल्या रेघेवर काम करशील. बाण कुठल्या बाजूला, त्रिकोण रेषेच्या वर की खाली, फिलेट (कोपऱ्यातला वेल्ड) किती मिलीमीटरचा, एवढं पाठ हवं.

पास झाल्यावर लगेच पगाराकडे बघू नकोस. अप्रेंटिसशिप घे, आणि जिथं टिग (आर्गॉन गॅसवरचं वेल्डिंग) आणि पाइपचं काम चालतं तिथं घे, मग स्टायपेंड कमी मिळाला तरी चालेल. 45 अंशात बांधलेला पाइप, म्हणजे 6जी, ज्याला येतो त्याला माझ्यासारखे फोरमन स्वतःहून फोन करतात. ट्रायलला येताना हेल्मेट स्वतःचं आण, काच पुसलेली असू दे.